सिनेमाची सही



गेल्या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गात भांडण झालं. भांडण म्हणजे अगदी अबोला धरण्यापर्यंत! कारण काय, तर वर्गाचं हस्तलिखित.

दरवर्षी आम्ही एक हस्तलिखित काढतो. गोष्टी, कविता, कोडी, चित्रं, सगळं मुलांच्या हातचं. यंदा मुलांनी त्याला नाव दिलं 'झरोका'. नावावर लगेच एकमत झालं. पण मुखपृष्ठावर चिन्ह कोणतं काढायचं, यावर मात्र वर्गाच्या दोन फळ्या पडल्या.

"वाघच पाहिजे मॅडम! आपल्याकडे ताडोबा आहे, पेंच आहे."

"वाघ तर सगळेच काढतात. आपण संत्रं काढू."

"माझ्या बाबांच्या मोबाईलमधून तयार चित्र काढून आणतो मी. चिकटवून टाकू!"

मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र गप्प होती. तिनं वहीखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. विचारलं तर "काही नाही मॅडम," म्हणाली.

मी म्हटलं, "उद्या बघू." शिक्षकांचं हे ठरलेलं उत्तर असतं, तुम्हांला माहीतच आहे!

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शनिवारी शेवटच्या दोन तासांत आम्ही शाळेच्या प्रोजेक्टरवर एखादा चांगला चित्रपट थोडा थोडा बघतो. त्या दिवशी लावला होता 'संत तुकाराम'. १९३६ सालचा चित्रपट, म्हणजे तुमच्या आजोबांच्याही आधीचा! खिडक्यांना चादरी लावल्या, दिवे घालवले आणि सुरू केलं. पडद्यावर एक स्त्री दिसू लागली. पाठीतून मागे वाकून ती तुतारी फुंकत होती.

तेवढ्यात आवाज आला, "मॅडम, हे कायले पाहायचं? समोर घ्या ना!"

दुसरा म्हणाला, "ते बाई काय वाजवून राहिली?"

"तुतारी होय बे ते! शिवाजी महाराजांचा सिनेमा असंल."

मी चित्रपट तिथंच थांबवला. म्हटलं, आज ही तुतारीच ऐकू या. कालच्या भांडणाचं उत्तर कदाचित तिच्यातच सापडेल.

पाच भागीदार आणि एक तुतारी

ही तुतारी म्हणजे 'प्रभात फिल्म कंपनी'ची खूण. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ही कंपनी सुरू झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली सिनेमाचं काम शिकलेले. पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी. त्यांनी पैसा उभा केला. दामले आणि फत्तेलाल तर मुळात चित्रकलेतली माणसं. 'संत तुकाराम' याच दोघांनी दिग्दर्शित केला.

आता बघा, कंपनीचं नाव 'प्रभात', म्हणजे पहाट. पहाट झाली की कुणीतरी सगळ्यांना जागं करायला हवं. म्हणून तुतारी! "उठा, नवा दिवस सुरू होतोय," असं जणू ती सांगते. नाव आणि चिन्ह यांचं असं नातं जुळलं, की चिन्ह पुसूनही पुसलं जात नाही.

यात एक गंमत आहे. प्रभातनं सुरुवात केली मूकपटांनी. मूकपट म्हणजे आवाज नसलेला चित्रपट. तेव्हा फिल्मवर चित्र उमटायचं, पण आवाज नाही. म्हणजे मूकपटाच्या पडद्यावर कुणी कितीही जोरानं तुतारी फुंकली, तरी ती ऐकू येणार कशी? पुढे १९३१ मध्ये 'आलम आरा' हा भारतातला पहिला बोलपट आला. १९३२ मध्ये प्रभातनं 'अयोध्येचा राजा' काढला. तो मराठीतला पहिला बोलपट. आता पडद्यावर माणसं बोलू लागली, गाऊ लागली, आणि तुतारीलाही सूर मिळाला!

वर्गातला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मॅडम, आधी ती मुकी होती?" त्याच्या या प्रश्नाला मी मनातल्या मनात दहापैकी दहा गुण दिले.

सिंहाची गर्जना कुठून आली?

अशीच गोष्ट अमेरिकेतल्या एका सिंहाची आहे. 'एमजीएम' ही तिथली नावाजलेली चित्रपट कंपनी १९२४ साली सुरू झाली. तिच्या चित्रपटांच्या आधी सोनेरी चौकटीतला सिंह दिसतो, तो तुम्ही पाहिला असेल. पण तो सिंह एकच नाही बरं का! पहिल्या सिंहाचं नाव होतं स्लॅट्स. तो मूकपटांच्या काळातला, त्यामुळे त्याची गर्जना कुणी ऐकलीच नाही. १९२८ मध्ये जॅकी नावाचा दुसरा सिंह आला. त्याची गर्जना लोकांना ऐकू आली, पण कशी? थिएटरात ग्रामोफोनची तबकडी लावून! १९५७ पासून लिओ नावाचा सिंह दिसू लागला आणि तो वर्षानुवर्षं टिकला. २०२१ पासून मात्र संगणकावर तयार केलेला सिंह दिसतो.

म्हणजे बघा, चिन्ह एकच, पण मुका काळ, तबकडीचा काळ, रंगांचा काळ आणि संगणकाचा काळ असे सगळे त्यात दिसतात. सिनेमाचा अख्खा इतिहास त्या दहा-बारा सेकंदांत!

आई, वडील आणि कमळ

आपल्याकडेही असंच घडलं. १९४२ मध्ये व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत परळला 'राजकमल कलामंदिर' ही स्वतःची संस्था काढली. 'राजकमल' हे नाव कसं आलं, ठाऊक आहे? त्यांच्या वडिलांचं नाव राजाराम आणि आईचं नाव कमळा. दोघांची नावं जोडली आणि झालं राजकमल! मग चिन्हात कमळ येणारच. कमळात उभी राहून फुलं वाहणारी स्त्री, हे राजकमलचं चिन्ह. आधी ते काळ्या-पांढऱ्या रंगात दिसायचं. पुढे १९५५ साली राजकमलचा रंगीत 'झनक झनक पायल बाजे' आला.

राज कपूर यांच्या 'आर. के. फिल्म्स'ची गोष्ट वेगळी. ही संस्था १९४८ मध्ये सुरू झाली, पण तिचं प्रसिद्ध चिन्ह नंतर, १९४९ च्या 'बरसात' या चित्रपटातून आलं. एका हातात व्हायोलिन घेतलेला नायक आणि त्याच्या दुसऱ्या हातावर झुकलेली नायिका. 'बरसात' खूप चालला आणि त्यातलं हे दृश्य संस्थेची खूण बनून गेलं. पुढे पुढे या चित्रातले बारकावे गळत गेले. चेहरे, कपडे सगळं गेलं आणि मोजक्या रेषा उरल्या. तरी लोकांनी ओळखलंच!

मी फळ्यावर चार रेषांत तो आकार काढून दाखवला. मुलं म्हणाली, "मॅडम, हे तर कोणालेही जमंल!" मी म्हटलं, "काढायला जमेल. पण चार रेषांत ओळख पटावी, यासाठी आधी चांगलं काम करावं लागतं. काम चांगलं नसेल, तर कितीही सुंदर चिन्ह कुणाच्या लक्षात राहत नाही."

मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, जेमिनी स्टुडिओचं चिन्ह मुलांना सगळ्यांत आवडलं. बिगुल फुंकणारी जुळी बाळं! जेमिनी म्हणजे मिथुन रास, जुळ्यांची रास. म्हणून ती बाळं.

संत्र्याची पेटी आणि सिनेमाचा डबा

"पण मॅडम, सिनेमा बनवला की झालं ना? चिन्ह कशाला पाहिजे?" एकीनं विचारलं.

मी म्हटलं, आपलं संत्रं आठवा. काटोल-वरूडकडचा शेतकरी बाग पिकवतो. मोठा व्यापारी माल उचलून गावोगावी पाठवतो. आणि हातगाडीवाला तो आपल्याला विकतो. सिनेमाचंही तसंच असतं. निर्माता चित्रपट बनवतो, वितरक तो गावोगावी पोहोचवतो आणि टॉकीजवाला तो आपल्याला दाखवतो. सिनेमाच्या धंद्यात वितरणासाठी देशाचे भाग पाडलेले आहेत. आपला विदर्भ ज्या भागात येतो, त्याला या धंद्यात आजही 'सीपी बेरार' म्हणतात. सीपी बेरार हे इंग्रजांच्या काळातल्या आपल्या प्रांताचं नाव. प्रांत गेला, नाव सिनेमावाल्यांनी जपलं!

आता संत्र्याच्या पेटीवर व्यापाऱ्याची छाप असते. कशासाठी? माल चांगला निघाला तर पुढच्या वेळी लोकांनी तीच छाप मागावी आणि खराब निघाला तर तक्रार कुणाकडे करायची हे कळावं. सिनेमाच्या सुरुवातीचं चिन्ह म्हणजे अशीच छाप. खरं तर ती सहीच असते. 'हे काम आमचं आहे, त्याला आम्ही जबाबदार आहोत,' असं सांगणारी सही!

अमेरिकेत 'जेनस फिल्म्स' नावाची एक वितरण संस्था आहे. १९५६ साली सुरू झालेली.  जगभरातले चांगले, विचार करायला लावणारे चित्रपट निवडून आपल्या देशातल्या लोकांना दाखवते. तिच्या चिन्हावर दोन तोंडांचा देव आहे. जेनस हा रोमन लोकांचा दारांचा देव. त्याचं एक तोंड मागे बघतं, एक पुढे. जानेवारी महिन्याला त्याचंच नाव मिळालं आहे, कारण तोही सरलेल्या आणि येणाऱ्या वर्षाच्या दारात उभा असतो.

या संस्थेशी आपलंही एक नातं आहे. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' आणि त्यापुढच्या दोन चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनला लागलेल्या आगीत होरपळल्या. पुढे तज्ज्ञांनी त्या फार कष्टानं दुरुस्त केल्या, आणि २०१५ मध्ये ते तिन्ही चित्रपट अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत पुन्हा झळकले ते जेनसच्या चिन्हासह. मागे बघणारं आणि पुढे बघणारं तोंड! चिन्ह अगदी शोभून दिसलं, नाही का?

आजोबा वर्गात येतात

तास संपला. मागच्या बाकावरची ती गप्प मुलगी माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "मॅडम, माझे आजोबा टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. त्यांना हे सगळे चिन्हं माहीत आहेत."

"मग आण की त्यांना सोमवारी!"

सोमवारी आजोबा आले. पांढरा शर्ट, डोक्याला तेल, हातात पिशवी. शहरातल्या एका टॉकीजमध्ये त्यांनी तीस वर्षं मशीन चालवलं. ती टॉकीज आता बंद झाली आहे. मुलांसमोर उभं राहताना आधी जरा अवघडले, पण एकदा सुरू झाले ते थांबेनात.

"बेटाहो, आमचं काम वर, केबिनमध्ये. दोन मशीन. एकावर रीळ संपत आलं का दुसरं चालू करायचं. लोकांले समजलं नाही पाहिजे, का रीळ बदललं. आर. के.चं चिन्ह आलं का खाली शिट्या सुरू! तेव्हा मले समजे, आज हाऊसफुल्ल आहे."

मग त्यांनी आम्हांला एक हिशेब घातला. सिनेमाच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं असतात आणि पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रं सरकतात. तर दहा सेकंदांच्या चिन्हाला किती फूट फिल्म लागेल?

वर्गात कुजबुज झाली, बोटं मोडली गेली. "पंधरा फूट!" असं पहिलं उत्तर संत्रं-पक्षातून आलं. (कसं ते तुम्ही काढून बघा.)

"बरोबर. पण हे पंधरा फूटच सगळ्यात जास्त मार खातात," आजोबा म्हणाले. "रिळाचं तोंड दर खेळाले मशीनमध्ये ओवा लागते. तिथंच ओरखडे पडतात, तिथंच फाटते. फाटलं का आम्ही खराब तुकडा कापून जोड मारत होतो. दहा गावं फिरून प्रिंट आली, का चिन्ह अर्धंच उरलेलं असे. कोणी म्हणे, जाऊ द्या, सिनेमा तर समोर आहे! पण मी ते सांभाळून ओवत होतो. ज्यानं सिनेमा बनवला त्याचं नाव आहे ते. ते कापायचा आपल्याले काय अधिकार?"

वर्ग शांत झाला. शनिवारी 'समोर घ्या' म्हणणारा मुलगा खाली बघत होता.

मी मुलांना सांगितलं, की जुन्या फिल्मला आणखी एक भय असतं. सुमारे १९५० पर्यंतच्या चित्रपटांची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात अशाच जुन्या फिल्म ठेवलेल्या जागी आग लागली आणि आपल्या कितीतरी जुन्या चित्रपटांची रिळं जळून गेली. ज्यांच्या प्रती दुसरीकडे काढून ठेवल्या होत्या, ते चित्रपट वाचले. म्हणून 'संत तुकाराम' आपण आजही बघू शकतो.

प्रभातचा पुण्यातला स्टुडिओ बंद झाला. त्याच जागेवर १९६० मध्ये सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. आर. के. स्टुडिओला २०१७ मध्ये आग लागली आणि २०१९ मध्ये तो विकला गेला. आपल्या सीताबर्डीवरच्या व्हरायटी चौकाला ज्या टॉकीजवरून नाव पडलं, ती तरी आपल्यापैकी किती जणांनी पाहिली? इमारती जातात. कंपन्या बंद होतात. पण चित्रपट सुरू झाला, की आजही तुतारी वाजते आणि प्रभातची माणसं आपली सही करतात.

शेवटी एका मुलानं आजोबांना विचारलं, "आजोबा, तुमचं नाव यायचं का पडद्यावर?"

आजोबा हसले. "नाही बेटा. तीस वर्षं लोकांची नावं दाखवली. आपलं एकबी नाही आलं. ऑपरेटरचं नाव कोण लिहिते?"

ते हसले खरे, पण त्यांची नात हसली नाही.

आणि मग चिन्ह ठरलं

दुसऱ्या दिवशी तिनं वहीखालचा तो कागद स्वतःहून माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्यावर होती एक छोटी चौकोनी खिडकी आणि तिच्यातून बाहेर पडणारा उजेडाचा पट्टा. ती म्हणाली, "मॅडम, केबिनच्या भिंतीत अशी खिडकी असते. आजोबा त्याच्यातून सिनेमा पाहत होते. हासुद्धा झरोकाच आहे ना?"

मला वाटलं, आता सगळे हे चिन्ह एकमतानं निवडतील. पण मुलं ती मुलं! मतदान झालं आणि वाघाला १७ मतं, झरोक्याला १५! संत्र्याला एकच मत पडलं, तेही संत्रं सुचवणाऱ्याचं. खरं सांगते, मला जरा वाईट वाटलं. पण मतदान म्हणजे मतदान.

तेवढ्यात वाघ-पक्षाचा पुढारी उठला. म्हणाला, "मॅडम, पण आपला वाघ करून काय राहिला? तुतारीवाली लोकांले उठवते. आपला वाघ नुसताच बसला आहे!"

बराच वेळ चर्चा झाली. आणि शेवटी जे चित्र तयार झालं, ते असं : चौकोनी झरोका आणि त्यातून बाहेर डोकावणारा वाघ! वाघाचा एक कान जरा मोठा झाला आहे आणि मिशा दोन्हीकडे सारख्या नाहीत. पण तो आमच्या वर्गाचा वाघ आहे. मोबाईलमधून छापून आणलेला नाही.

आणखी एक गोष्ट मुलांनी आपणहून केली. हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर नावं लिहिली. लिहिणाऱ्यांची आणि चित्रं काढणाऱ्यांची तर असतातच. पण यंदा समास आखणाऱ्यांची, पानं शिवणाऱ्यांची, खळ करून आणणारीची आणि पेन्सिलींना टोक करणाऱ्याचीसुद्धा! सगळ्यांत खाली एक ओळ आहे : 'सिनेमाची माहिती सांगणारे', आणि पुढे आजोबांचं पूर्ण नाव. ते पान आजोबांनी दोनदा वाचलं. मग चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

तुमच्यासाठी

या आठवड्यात घरी चित्रपट बघताना सुरुवात पुढे सरकवू नका. पहिलं चिन्ह नीट बघा आणि वहीत काढा. मग तीन प्रश्नांची उत्तरं शोधा. ते चिन्ह कुणाचं? त्या नावाशी त्याचा संबंध काय? आणि ते आधीपासून असंच होतं, की बदलत आलं? घरातल्या मोठ्यांना त्यांच्या लहानपणीच्या टॉकीजबद्दल विचारा. पालकांनाही विनंती, की रिमोट अर्धा मिनिट बाजूला ठेवा आणि मुलांबरोबर आठवणी काढा.

आणि हो, तुमच्या वर्गाचं चिन्ह काय असावं, तेही काढून पाठवा. तयार छापलेलं नको बरं का! कान मोठा झाला तरी चालेल.

तुमची,
मॅडम